पत्रातली शेवटून तिसरी ओळ

या आठवड्याचं पत्र जवळजवळ जसंच्या तसं देते आहे, फक्त ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

“डॉक्टरबाई, नमस्कार. मी २४ वर्षांचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतो. लहानपणी माझ्या हृदयाला होल होतं, ओठ निळे पडायचे. पाचव्या वर्षी मुंबईला ऑपरेशन झालं. कार्डावर ‘टीओएफ’ असं लिहिलंय. आधी वर्षाला तपासायला न्यायचे. दहावीनंतर गेलो नाही, कारण काही त्रासच नाही. गेल्या महिन्यात आमच्या मागच्या गल्लीतला सव्वीस वर्षांचा पोरगा जिममध्ये पडला आणि गेला. सगळे म्हणतात अ‍ॅटॅक. त्याला तर काहीच नव्हतं, मग माझं काय होणार ओ? रात्री झोप लागत नाही. घरात लग्नाचं बघायला लागलेत. आई म्हणते, होलचं कुणाजवळ बोलायचं नाही, ऑपरेशन झालं म्हणजे संपलं. यंदा गड्ड्याला (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला) नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच, जड काठी) पेलायची फार इच्छा आहे, वडिलांनी पेललेला आहे. दिवाळीच्या आधी एकदा बीम (मागावरचा सुताचा जड रूळ) उचलताना छातीत धडधडलं आणि डोळ्यापुढं अंधारी आली, पण दोन मिनिटांत बरं वाटलं, त्या दिवशी जेवलो नव्हतो. अ‍ॅटॅक येऊ नये म्हणून कुठली गोळी चालू करू? मुलीकडच्यांना सांगू का नको?”

तुला ‘अरे’च म्हणते, माझ्या धाकट्यापेक्षाही तू लहान आहेस.

तू विचारलंस गोळीचं, लग्नाचं आणि नंदीध्वजाचं. पण मी पत्र वाचताना थांबले ते शेवटून तिसऱ्या ओळीवर. बीम उचलताना धडधडलं, अंधारी आली. हे तू असं लिहिलं आहेस की जणू वाटेत चपलेचा अंगठा तुटला. उपाशी होतास म्हणून झालं, असं स्वतःच ठरवूनही टाकलंस. उपाशीपोटी अंधारी येते, नाही असं नाही. सोलापुरात तर मे महिन्यात भरल्या पोटीही येते. पण ज्याच्या हृदयावर टीओएफचं ऑपरेशन झालेलं आहे, त्याला जोर लावताना आधी धडधड आणि मग अंधारी आली, तर ते उपासावर ढकलायचं नसतं. हा सल्ला छापून तुझ्या हातात पडेल त्या आठवड्यातच डॉक्टरकडे जायचं. ‘गड्डा झाल्यावर बघू’ चालणार नाही. आणि तोवर बीमला हात लावायचा नाही. मुकादमाला ‘कंबर भरली आहे’ सांगितलंस तरी चालेल, एवढं खोटं मी माझ्या नावावर घेते.

आता नीट समजून घे, कारण पाचव्या वर्षी तुझ्या छातीत काय केलं हे तुला कुणी सांगितलेलंच दिसत नाही.

टीओएफ म्हणजे टेट्रालॉजी ऑफ फॅलो. फॅलो हे फ्रान्समधल्या मार्सेयचे डॉक्टर, त्यांनी १८८८ साली याचं नीट वर्णन केलं. घरात ‘होल’ म्हणतात, पण होल हा चारांतला एक दोष. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, मोठी धमनी त्या भोकावर स्वार झालेली, आणि अरुंद वाटेतून जोर लावून लावून उजवा कप्पा जाड झालेला. फुप्फुसाकडे रक्त कमी जातं म्हणून ओठ निळे. खेळता खेळता मध्येच उकिडवा बसायचास का, हे आईला विचार. ही मुलं दम लागला की उकिडवी बसतात, कुणी न शिकवता. तसं बसलं की फुप्फुसाकडे जरा जास्त रक्त जातं.

ऑपरेशनमध्ये भोकाला ठिगळ लावतात आणि अरुंद वाट रुंद करतात. वाट रुंद करताना बऱ्याचदा फुप्फुसाच्या तोंडाची झडप कापावी लागते, मग ती पुढे गळत राहते. ही गळती पोराला वर्षानुवर्षं जाणवत नाही. तो पळतो, क्रिकेट खेळतो, यंत्रमागावर रात्रपाळी करतो. आणि आत उजवा कप्पा मात्र दर ठोक्याला परत आलेलं रक्त झेलत हळूहळू फुगत असतो. पंधरा-वीस वर्षांनी, म्हणजे बरोब्बर तुझ्या वयाला, त्याचा हिशेब बघावा लागतो. त्यामुळे ‘त्रास नाही म्हणून गेलो नाही’ हे या दुखण्यात उलटं पडतं. त्रास नसतानाच जायचं असतं.

यात तुझी चूक आहे असं मी म्हणणार नाही, आणि तुझ्या आईची तर नाहीच. नव्यानं दवाखाना टाकून बसले होते तेव्हा अशाच एका मुलीच्या आईला मी स्वतः म्हणाले होते, “ऑपरेशन झालं ना, आता विसरा.” ती माऊली विसरली. मुलगी एकोणतिसाव्या वर्षी पायावर सूज घेऊन माझ्याचकडे आली. पुढे पुण्यात तिची झडप बदलली, आज ती बरी आहे. पण तिचं ते जुनं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं होतं, लॅमिनेशनच्या कडेला पाणी शिरून शाई पसरलेलं, तेव्हा माझंच वाक्य मला आठवत होतं. तिला नव्हतं आठवत. बरं झालं.

आता अ‍ॅटॅक.

आपल्याकडे तरुण माणूस पटकन गेला की सगळ्याला एकच शब्द. त्या जिममधल्या पोराचं काय झालं ते शवविच्छेदनाशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतंय ते तर सोडूनच दे. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तू मागावर काम करतोस म्हणून तुला लवकर कळतील. कांडीतलं सूत संपलं तर मोटर चांगली असूनही कापड निघत नाही. तसं हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी तुंबली, स्नायूचा तेवढा भाग मरायला लागला, की तो खरा हार्ट अ‍ॅटॅक. दुसरी तऱ्हा म्हणजे सूत भरपूर आहे, पण तीनातली एक फेज गेली. मोटर नुसती घुमते, थरथरते, फिरत नाही. हृदयाचं असं झालं की ते थरथरतं, पण रक्त पुढे ढकलत नाही. माणूस काही सेकंदांत कोसळतो. हे कार्डियाक अरेस्ट.

तुझ्यासारख्याला जपायचं ते मुख्यतः या दुसऱ्याला. ठिगळाच्या कडेला, टाक्यांच्या जागी जो व्रण राहतो त्याच्याभोवती विजेचा प्रवाह कधी कधी गोल गोल फिरायला लागतो आणि ठोके एकदम वाढतात. धडधड, मग अंधारी. कधी कधी ते आपोआप थांबतं. तुझं थांबलं, जर ते तेच होतं तर. ते तेच होतं की खरंच उपाशी पोट होतं, हे पत्रावरून सांगण्याइतकी मी हुशार नाही, म्हणून तर तपासायला पाठवते आहे. आणि रात्री झोप उडालीय म्हणून हेही सांगते, की टीओएफचं ऑपरेशन झालेल्यांत असं अचानक जाण्याचं प्रमाण वर्षाला हजारात एक-दोन इतकं धरतात. ते सगळ्यांत सारखं वाटलेलंही नसतं. कुणाला जास्त धोका आहे हे आधी ओळखता येतं, आणि ओळखलं तर उपाय आहेत.

नळी तुंबण्याचा अ‍ॅटॅक जन्मजात दोषवाल्या तरुणांत येतच नाही असं मात्र नाही. काहींची हृदयाची धमनीच जन्मतः भलत्या ठिकाणाहून निघते आणि दोन मोठ्या नळ्यांच्या मधून जाते. एरवी काही नाही, पण पळताना, खेळताना तिच्यावर दाब येतो. धडधाकट खेळाडू मैदानावर पडतात त्यातल्या काहींत पुढे हेच सापडतं. काहींच्या मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली असते, त्यांच्या ऑपरेशनमध्ये हृदयाच्या बारीक धमन्या उचलून दुसरीकडे शिवतात, त्या पुढे अरुंद होऊ शकतात. काहींची महाधमनी एका ठिकाणी चिमटलेली असते. ती मोकळी केली तरी बीपी वाढलेलं राहू शकतं, आणि त्या बीपीनं धमन्या लवकर खराब होतात. स्वीडनमध्ये जन्मापासूनच्या नोंदी सांभाळतात. तिथे जन्मजात हृदयदोष असलेल्या तरुणांत धमन्यांचे विकार इतरांपेक्षा कित्येक पट जास्त दिसले, पण मोजायला गेलं तर अशी माणसं थोडीच. तुझ्या बाबतीत या वाटेनं धोका आणायचा तर तो तंबाखूनं येईल. कारखान्यात कोण मळत नाही ते मला माहीत आहे. खात असशील तर सोड, आणि खात नसशील तर हे वाक्य मित्राला वाचून दाखव.

आता करायचं काय.

आधी घरातली जुनी थैली शोध. प्रत्येक घरात एक असते, कापडाच्या दुकानाची, ट्रंकेच्या तळाशी, तिच्यात एक्स-रे, कार्ड आणि पाचव्या वर्षाचा फोटो. त्यातलं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद फार मोलाची. ठिगळ झडपेच्या आरपार गेलं आहे का, हे त्यातच कळतं. जुने ईसीजी सापडले तर आजच मोबाइलवर फोटो काढ, तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, काही वर्षांत कोरा पांढरा होतो. आमच्या सोलापूरच्या उन्हात आणखी लवकर. थैली सापडली नाही म्हणून मात्र थांबू नकोस.

मग सिव्हिलला जा किंवा हृदयरोगतज्ज्ञाकडे जा, पण पहिलं वाक्य हेच बोल: “माझं टीओएफचं ऑपरेशन झालंय आणि जोर लावताना धडधडून अंधारी आली.” ‘जरा चक्कर येते’ म्हणालास तर बीपी बघून, लिंबूसरबत घे सांगून परत पाठवतील. ईसीजी, टूडी एको आणि चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, इतकं सोलापुरात होतं.

इथे एक गंमत होईल, तिला तयार राहा. ईसीजीच्या मशीनमधून निघणाऱ्या कागदावर बहुधा ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’ असं छापून येईल. ‘ब्लॉक’ शब्द वाचला की घरात रडारड, मामाचा फोन, कुणीतरी अँजिओग्राफीचा भाव विचारून येतो. अरे, हा ब्लॉक रक्ताच्या नळीतला नाही, वायरिंगमधला आहे. टीओएफचं ऑपरेशन झालेल्या जवळजवळ सगळ्यांच्या ईसीजीत तो असतो. त्याला घाबरायचं नाही. बघायचा तो त्याच कागदावरचा क्यूआरएस नावाचा आकडा, म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज पसरायला लागणारा वेळ. साधारण माणसाचा १२० मिलिसेकंदांच्या आत असतो, तुझा जास्त असणारच. पण १८० किंवा त्याच्या वर गेला तर डॉक्टर जास्त सावध होतात, कारण कप्पा फार फुगल्याची आणि ठोके बिघडण्याची ती एक खूण आहे.

एवढं झालं की एकदा पुण्याला, मुंबईला किंवा हैदराबादला जन्मजात हृदयदोषांचे जाणकार असतात तिथे जाऊन ये. नेहमीच्या अँजिओप्लास्टीवाल्या डॉक्टरांपेक्षा ही वेगळी विद्या आहे. ते हृदयाचा एमआरआय करतील, कप्पा किती फुगलाय ते मोजतील. गरज वाटली तर झडप नवी बसवतात, काहींना ती छाती न उघडता मांडीच्या शिरेतूनही बसवता येते. ठोक्यांचा गोल फिरणारा रस्ता जाळून बंद करता येतो. फारच धोका असेल तर छातीच्या कातडीखाली छोटं यंत्र बसवतात, ते ठोके बिघडले की आतूनच शॉक देतं. यातलं तुला काहीही लागणार नाही, असंही होऊ शकतं. मग वर्षाला एकदा हुतात्मा पकडून पुण्याला जायचं, दाखवायचं, परत यायचं. खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेव आणि दवाखान्यात शिरल्या शिरल्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचार. काय बसतं आणि काय नाही, ते ऑपरेशन ठरायच्या आधी त्याच्याकडून लिहून घे.

गोळीचं उत्तर: कुठलीही नाही, स्वतःच्या मनानं तर नाहीच. रक्त पातळ करायची नको, कोलेस्टेरॉलची नको. आणि कुणी सांगितलं म्हणून जिभेखालची सॉर्बिट्रेट खिशात ठेवून फिरू नकोस. अंधारी येत असताना ती घेतलीस तर बीपी आणखी खाली जाईल.

तुझ्यासाठी गोळीपेक्षा दात महत्त्वाचे. हसू नकोस. हिरड्यांतून जंतू रक्तात जातात आणि गळक्या झडपेवर, ठिगळाच्या कडेला घर करतात, त्याचा ताप जिवावर येतो. दात काढायच्या आधी दंतवैद्याला ऑपरेशनचं सांग, आधी अँटिबायोटिक लागेल का हे तुझ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचार. आणि कधी ताप आठवडाभर रेंगाळला तर इंजेक्शन टोचून घेण्याआधी रक्ताचं कल्चर पाठवायला लाव. आधी अँटिबायोटिक पोटात गेलं की जंतू सापडत नाही, आणि मग महिनाभर सगळे अंधारात चाचपडतात. हे मी फार पाहिलं आहे.

नंदीध्वज. इथे माझा हात जड होतो. मीही लहानपणी बाळीवेशीत वडिलांच्या खांद्यावर बसून ती मिरवणूक पाहिली आहे, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं आणि गर्दीवरून डुलत जाणारे ते सात ध्वज. वडिलांनी पेललेला मुलाला पेलावासा वाटणार, त्यात नवल काय. पण पेलणं म्हणजे श्वास रोखून, सगळं अंग आवळून वजन तोलणं. त्यात बीपी एकदम चढतं. चालणं, सायकल, पायऱ्या हे हृदयाला मानवतं, हे आवळलेलं वजन तुझ्या हृदयाला तपासणीच्या आधी देऊ नये. बीम उचलतानाच अंधारी आली होती, आठव. तेव्हा यंदा नाही. सरावालाही नाही. यंदा बाराबंदी घाल, बरोबर चाल, अक्षता टाक. रिपोर्ट बघून डॉक्टर पुढच्या वर्षी हो म्हणाले तर मला त्याहून आनंदाचं काही नाही, आणि नाही म्हणाले तर तेही त्यांच्या तोंडून ऐक, माझ्या नको.

राहिलं लग्न. सांगायचं. साखरपुड्याच्या आधी सांगायचं, आणि मध्यस्थाला न सांगता त्या मुलीला समोर बसवून सांगायचं. पण तपासण्या झाल्यावर. आज तू सांगायला गेलास तर तुझ्याजवळ सांगायला ‘होल होतं’ एवढंच आहे, आणि ‘होल’ ऐकलं की समोरचा माणूस पुढचं काही ऐकत नाही. रिपोर्ट हातात असला की सांगता येईल, हे असं होतं, हे ऑपरेशन झालं, आज अवस्था ही आहे, वर्षाला एकदा दाखवावं लागतं. मुलांचंही ती विचारेल. बापाला टीओएफ असेल तर बाळाला हृदयाचा दोष असण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त, इतरांना ती शंभरात एकाच्या आसपास असते. काही टीओएफवाल्यांत बावीस नंबरच्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो, तसं असेल तर मात्र तो बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी, म्हणून ती रक्ततपासणी लग्नाआधी करून घे. पुढे दिवस गेले की पाचव्या महिन्याच्या सुमाराला बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्यायची.

आईंना माझा नमस्कार सांग. त्या लपवतात ते तुझ्या ओठांचा निळा रंग त्यांनी पाहिला म्हणून. तो तू पाहिलेला नाहीस. त्यांच्याशी भांडू नकोस, थैली शोधायला बरोबर बसव, कार्ड वाचून दाखव. आणि लपवण्यातली अडचण त्यांना अशी सांग: उद्या सासुरवाडीत तू चक्कर येऊन पडलास आणि तिथे कुणालाच काही माहीत नसेल, तर ते ‘फिट आली’ म्हणून कांदा हुंगवतील, चप्पल हुंगवतील, हातात किल्ल्या देतील. हृदय थांबताना अंग कधी कधी झटके देतं, त्यामुळे ते फिटसारखंच दिसतं. पहिली मिनिटं त्यातच जातात.

म्हणून घरात आणि कारखान्यात दोघातिघांना हे शिकवून ठेव. माणूस पडला, हाक मारली तरी ओ देत नाही, श्वास नाही किंवा मधूनच मासळीसारखा तोंड उघडून घोरतोय, तर एकानं १०८ लावायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन-सव्वादोन इंच खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमला की दुसऱ्यानं घ्यायचं. बरगडी मोडेल म्हणून घाबरायचं नाही. हे न करता नुसती गाडी शोधत बसलं तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता शेकडा सात-दहानं घटत जाते.

पुन्हा धडधड झाली तर त्या क्षणी खाली बस किंवा आडवा हो, शेजारच्या मागावाल्याला हाक मार, आणि पाच मिनिटांत थांबली नाही किंवा पुन्हा अंधारी आली तर दुचाकीवर मागे बसून जायचं नाही, १०८ बोलवायची. थांबली तरी त्याच दिवशी ईसीजी काढायचा. डॉक्टरांनी बघेपर्यंत रात्रपाळी एकट्यानं करू नकोस.

ईसीजी झाला की क्यूआरएसपुढचा आकडा याच पत्त्यावर कळव. आणि बीम कोण उचलतंय तेही.